गवत काढले आणि मैदान सुधारले

गोल्फ म्हटले की डोळ्यांपुढे हिरवागार गालिचा येतो आणि त्यापाठोपाठ रास्त शंका येते, की हा गालिचा पाणी किती पितो? गोव्यात तेरेखोलला गोल्फ रिसॉर्ट होणार म्हटल्यावर गावकरी विरोधात उभे राहिले, त्यामागे जमिनीची आणि उपजीविकेची चिंता होती. पण बारमाही हिरवळ ही खेळाची गरज आहे की केवळ सवय, हे तपासून पाहायला हवे. त्यासाठी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातले पाइनहर्स्ट हे गाव चांगले उदाहरण आहे. गोल्फसाठी जगभर नाव असलेल्या या गावातल्या रिसॉर्टने आपल्या सर्वांत मानाच्या मैदानावरचे गवत स्वतःहून उपटून टाकले.

हे गाव वसले तेच उजाड जमिनीवर. सँडहिल्स नावाच्या या रेताड पट्ट्यात लाँगलीफ पाइनचे जंगल होते. आधी टर्पेंटाइनसाठी झाडांना खाचा पाडून राळ काढली गेली, मग लाकडासाठी झाडेच तोडली गेली. 1895 मध्ये बॉस्टनचे सोडा फाउंटनचे कारखानदार जेम्स वॉकर टफ्ट्स यांनी ही हजारो एकर जमीन मातीमोल भावात घेतली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्या संस्थेने गावाचा आराखडा केला. वळणदार रस्ते, मध्यभागी हिरवा चौक आणि लाखो रोपांची लागवड, असे त्याचे स्वरूप होते. हवापालटाचे ठिकाण म्हणून सुरू झालेल्या या गावात गोल्फ नंतर आला. 1900 मध्ये स्कॉटलंडचे डोनाल्ड रॉस इथे आले आणि 1907 मध्ये त्यांनी आखलेले ‘नंबर टू’ मैदान पुरे झाले. या मैदानाची ग्रीन, म्हणजे चेंडू भोकात ढकलण्याची जागा, 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत गवताची नव्हतीच, वाळूची होती. तरीही मोठमोठे खेळाडू इथे खेळायला येत.

पुढे स्प्रिंकलर आले, टीव्ही आला आणि मैदान काठोकाठ हिरवे झाले. वापरलेले बर्म्युडा गवत आपल्या हरळीच्याच कुळातले. 2010-11 मध्ये मैदानांचे रचनाकार बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी जुनी छायाचित्रे समोर ठेवून पस्तीस-चाळीस एकरांवरचे हे गवत काढले. तिथे उघडी वाळू, पाइनची वाळलेली पाने आणि तारेसारखे ताठ स्थानिक वायरग्रास परत आले. अकराशेहून अधिक स्प्रिंकलर होते, ते साडेचारशेच्या आसपास राहिले आणि पाण्याचा वापर निम्म्याहून कमी झाला. 2014 मध्ये पुरुषांची आणि महिलांची यू. एस. ओपन स्पर्धा याच मैदानावर लागोपाठच्या आठवड्यांत झाली. टीव्हीवर ते तपकिरी दिसते अशी कुरकुर काहींनी केली, पण 2024 मध्ये पुरुषांची स्पर्धा पुन्हा इथेच आली.

मैदानाबाहेरची गोष्ट याहून महत्त्वाची. इथला लाल तुऱ्याचा सुतारपक्षी जिवंत, जुन्या पाइनमध्येच घर कोरतो. कोरायला कित्येकदा काही वर्षे लागतात. भोकाभोवती तो लहान लहान खाचा पाडतो, त्यांतून राळ सतत ओघळत राहते आणि साप वर चढू शकत नाही. हा पक्षी संरक्षित असल्याने तो आपल्या जमिनीवर आला की निर्बंध येतील, या भीतीने मालक झाडेच तोडू लागले. 1995 मध्ये सँडहिल्समध्ये ‘सेफ हार्बर’ योजना आली. अधिवास सुधारा, त्यामुळे पक्षी वाढले तर जादा निर्बंध लादणार नाही, असे तिचे वचन होते. सुरुवातीलाच सामील झालेल्यांत पाइनहर्स्टचे रिसॉर्ट होते.

यावर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा, की वाळूची जमीन आणि वर्षभर विखुरलेला पाऊस लाभलेल्या गावाचा धडा आपल्याला काय कामाचा? वायरग्रास आणून सह्याद्रीत लावण्यात अर्थ नाही, हे खरेच. उचलायचा तो प्रश्न, की या जमिनीवर मुळात काय उगवत होते? चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड असलेल्या मुलखात उन्हाळ्यातले पिवळे गवत लाजिरवाणे नसते, आणि काही ठिकाणी ‘इथे गोल्फ नकोच’ हेही प्रामाणिक उत्तर असू शकते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गोल्फच्या आकर्षणाने घरे वाढतात आणि घरे वाढली की जंगल आक्रसते. लाँगलीफ पाइनला अधूनमधून जमिनीलगतची आग हवी असते, नाहीतर इतर झाडे त्याला गिळतात. पण शेजारी वस्ती असली की धुरामुळे नियंत्रित वणवा लावणे कठीण होते. रिसॉर्टच्या सद्भावनेने हा पेच सुटत नाही. त्यासाठी बांधकामाला कायमची बंद असलेली सार्वजनिक जमीन लागते.

अशी जमीन पाइनहर्स्टच्या शेजारी, सदर्न पाइन्समध्ये आहे. कॅथरीन बॉइड यांनी 1963 मध्ये राज्याला दिलेल्या चारशे एकरांतून वेमाउथ वुड्स हे राखीव वन उभे राहिले. तिथे 1548 मध्ये रुजलेला, माहीत असलेला सर्वांत जुना जिवंत लाँगलीफ पाइन आहे. तो पाहायला कोणत्याही क्लबचे सभासद व्हावे लागत नाही आणि तिकीटही नाही.