वर्तमान संभावनार्थ (स्पॅनिश)

स्पॅनिश क्रियापदाचा एक अर्थ. एखादी गोष्ट घडते असे विधान न करता ती इच्छा, शंका, अपेक्षा वा भावना यांचा विषय म्हणून मांडावयाची असता तो योजतात. विधानासाठी स्वार्थ वापरतात. ही विभागणी लॅटिनमधून आलेली आहे. आंतोन्यो दे नेब्रीहा याने १४९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कास्तीलियन व्याकरणात क्रियापदाचे पाच अर्थ सांगितले असून त्यांत संभावनार्थाचा समावेश आहे.

रूपसिद्धी : नियमित क्रियापदांचे ‘-आर’, ‘-एर’ व ‘-इर’ असे तीन गण आहेत. स्वार्थाच्या वर्तमानकाळातील प्रथमपुरुषी एकवचनाचा अंत्य ‘ओ’ गाळून पहिल्या गणात ‘ए’ व उरलेल्या दोन गणांत ‘आ’ हा स्वर येतो. ‘आब्लार’ (बोलणे) याची रूपे आब्ले, आब्लेस, आब्ले. आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन अशी, तर ‘कोमेर’ (खाणे) याची कोमा, कोमास, कोमा. कोमामोस, कोमाइस, कोमान अशी होतात. ‘बिबिर’ (जगणे, राहणे) याची रूपे ‘कोमेर’प्रमाणेच चालतात, जयघोषातील ‘बीबा’ हे त्यांपैकीच एक होय. प्रथम व तृतीय पुरुषाची एकवचने सारखीच असल्याने कर्ता संदर्भावरून वा सर्वनामावरून ओळखावा लागतो.

उपयोग : ‘क्येरो के आब्ले’ म्हणजे ‘त्याने बोलावे अशी माझी इच्छा आहे’. येथे मराठी विध्यर्थ त्याच्या जवळ येतो. मात्र दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल, तर संभावनार्थ येत नाही : ‘क्येरो आब्लार’ (मला बोलावयाचे आहे). ‘तो माद्रिदमध्ये राहतो असे मला वाटते’ यात स्वार्थ (‘बीबे’), तर ‘तसे मला वाटत नाही’ असे म्हणताना संभावनार्थ (‘बीबा’) येतो. निषेधार्थी आज्ञाही याच रूपांनी होते : ‘नो आब्लेस’ (बोलू नकोस).

एका स्वराने अर्थ कसा पालटतो, हे संबंधी वाक्यांत विशेष दिसते. ‘जर्मन बोलणारा डॉक्टर मी शोधत आहे’ हे मराठी वाक्य संदिग्ध आहे. डॉक्टर ठराविक व माहीत असलेला असेल, तर स्पॅनिशमध्ये ‘के आब्ला’ असे म्हणतात. कोणीही चालेल, कदाचित असा कोणी नसेलही, असे अभिप्रेत असेल, तर ‘के आब्ले’. तसेच ‘क्वांदो येगा’ म्हणजे ‘तो येतो तेव्हा’ (नेहमी) व ‘क्वांदो येगे’ म्हणजे ‘तो येईल तेव्हा’. परंतु ‘जर’ या अर्थाच्या ‘सी’ या अव्ययानंतर वर्तमान संभावनार्थ येत नाही. तेथे वर्तमानकाळी स्वार्थच वापरतात.

भविष्यकालीन संभावनार्थाची जुनी रूपे आता मुख्यतः कायद्याच्या भाषेत व म्हणींत उरली आहेत. त्यांचे कार्य बव्हंशी वर्तमान संभावनार्थाकडे आले आहे.