स्तनवर्धन शस्त्रक्रिया : आधी माहिती, मग निर्णय

स्तन लहान आहेत म्हणून अनेक मुली मनातल्या मनात कुढतात आणि जाहिरातीतल्या मलमांवर, गोळ्यांवर पैसे घालवतात. लहान स्तन हा आजार नव्हे. मलमाने स्तन वाढत नाहीत आणि बाळाला दूध पुरण्याचा आकाराशी सहसा संबंध नसतो. हे कळूनही ज्यांना शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे, त्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पिशवी कोणती? सिलिकॉनची पिशवी बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे झाली. पिशवीचे कवच सिलिकॉनचे असते. आत सिलिकॉनची जेली किंवा सलाईन असते. सलाईनची पिशवी फुटली तर स्तन बसतो आणि लगेच कळते. जेलीची पिशवी फुटल्याचे बाहेरून बहुधा कळत नाही. म्हणून पाच-सहा वर्षांनी व पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा लागतो. खडबडीत कवचाच्या पिशव्यांभोवती क्वचित लसिकापेशींचा कर्करोग आढळला. त्यामुळे २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने तसल्या पिशव्या जगभरातून परत घेतल्या. आकार छातीची रुंदी व त्वचेचा ताण मोजून ठरवावा, हौसेने नव्हे.

शस्त्रक्रिया कशी असावी? पिशवीभोवती शरीर स्वतःचे आवरण तयार करते. तेथे जंतू शिरले किंवा रक्त साचले तर हे आवरण आवळते, स्तन कडक होतो व दुखतो. स्तनाग्रातील दुग्धनलिकांत जंतू असतात. म्हणून बरेच सर्जन स्तनाखालच्या घडीत छेद घेणे पसंत करतात. छेदापूर्वी प्रतिजैविक देणे, रक्तस्राव पूर्ण थांबवणे, पिशवीची जागा जंतुनाशकाने धुणे, हातमोजे बदलणे आणि पिशवी त्वचेला न लागता आत सरकवणे, ही काळजी महत्त्वाची.

आपण काय करावे? सर्जन प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहेत व भूलतज्ज्ञ हजर राहणार आहेत, याची खात्री करा. मिसरी, तंबाखू काही आठवडे आधीच बंद करा. जखम भरायला ती आडवी येते. गरोदर असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना ही शस्त्रक्रिया करू नये. पिशवीचा क्रमांक असलेले कार्ड मागून घ्या व जपून ठेवा. फ्रान्समधील पी.आय.पी. कंपनी कारखान्यात वापरायचे सिलिकॉन पिशव्यांत भरत असल्याचे २०१० मध्ये उघड झाले, तेव्हा आपली पिशवी कोणती हे कळणे किती गरजेचे असते ते जगाला दिसले.

पिशवी जन्मभर टिकत नाही. पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, तो खर्चही आधीच विचारा. काही वर्षांनी एक स्तन अचानक सुजला, तर संकोच न करता डॉक्टरांकडे जा. सौंदर्याची हौस वाईट नाही. ती जिवावर बेतू नये, इतकेच.