गोळी रोजची, हिशेब सहा आठवड्यांचा

हाशिमोटो थायरॉयडायटिसचं निदान झालं की लॅबच्या कागदावर दोन आकडे ठळक छापून येतात. एक टीएसएच, समजा १२. दुसरा अँटी-टीपीओ, आणि हा सहाशे, आठशे, कधी हजारच्याही वर. शेजारी मर्यादा छापलेली असते साधारण ३५ची. घरातले सगळे घाबरतात ते या दुसऱ्या आकड्याला. लक्ष मात्र ठेवायचं असतं पहिल्यावर.

अँटी-टीपीओ म्हणजे प्रतिपिंडं. जंतूंविरुद्ध शरीर बनवतं तशीच, पण इथे ती बनतात आपल्याच एका एन्झाइमविरुद्ध. थायरॉईडमध्ये हार्मोन तयार होताना आयोडीन जोडायचं काम हे एन्झाइम करतं. प्रत्यक्ष नासधूस मुख्यतः लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी करतात. त्या ग्रंथीत ठाण मांडतात आणि वर्षानुवर्षं तिची काम करणारी जागा कमी करत नेतात. जपानमधल्या फुकुओकाचे तरुण शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी चार स्त्रियांच्या गळ्यातून काढलेल्या थायरॉईडचं वर्णन १९१२ साली एका जर्मन नियतकालिकात छापलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसली होती ती हीच लिम्फोसाइटची गर्दी. पुढे ते गावी परतले, घरचा दवाखाना चालवू लागले आणि १९३४ मध्ये टायफॉइडने गेले. ही गर्दी का जमते याचा उलगडा १९५६ साली झाला. लंडनमध्ये रॉइट, डोनिआक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं सापडली.

तेव्हा अँटी-टीपीओची तपासणी आजाराचं कारण सांगते, आणि तिथेच तिचं काम संपतं. आकडा ९०० चा ७०० झाला म्हणून डोस कमी होत नाही, ११०० झाला म्हणून वाढत नाही. दर वेळी ती चाचणी पुन्हा करून पैसे घालवण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

टीएसएच हा थायरॉईडचा हार्मोनच नव्हे. तो येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून. रक्तातला थायरॉक्सिन, म्हणजे टी-फोर, जरा उतरला की पीयूषिका टीएसएच वाढवून थायरॉईडकडे जास्त काम मागते. म्हणून ग्रंथी थकली की हा आकडा चढतो आणि गोळी जास्त झाली की तो पडतो. टी-फोरमधल्या लहानशा फरकाने टीएसएच कितीतरी पटींनी हलतो, त्यामुळे बिघाड आधी इथेच दिसतो. कित्येकांचा टी-फोर नॉर्मल असतो आणि टीएसएच सहा-सातवर असतो. अशा वेळी डॉक्टर लगेच गोळी देतीलच असं नाही. इंग्लंडमधल्या विकहॅम इथे वीस वर्षांनी झालेल्या फेरपाहणीत, टीएसएच वाढलेला आणि प्रतिपिंडंही असलेल्या स्त्रियांपैकी दर वर्षी शंभरात साधारण चार जणींची थायरॉईड पुरती मंदावत गेली. म्हणजे वाट पाहणं हाही उपचारच असतो, तपासण्या चुकवल्या नाहीत तर.

थकवा, थंडी सोसवेना, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, पाळीत जास्त रक्तस्राव, सुजल्यासारखा चेहरा ही लक्षणं बहुतेकांना ठाऊक असतात. वजनाबद्दल मात्र गैरसमज फार. थायरॉईड मंदावल्याने वाढलेलं वजन सहसा दोन ते चार-पाच किलो असतं आणि त्यातला बराच भाग पाणी आणि क्षार. पंधरा किलोंचा दोष एकट्या थायरॉईडवर टाकता येत नाही, आणि गोळी हे वजन उतरवायचं औषध नाही. त्यासाठी डोस वाढवून घेणाऱ्यांच्या हृदयाची लय बिघडू शकते, हाडंही ठिसूळ होतात.

आता गोळी. लेव्होथायरॉक्सिन म्हणजे थायरॉईडमध्ये बनतो तोच टी-फोर, कारखान्यात तयार केलेला. तो शरीरात फार रेंगाळतो. आज घेतलेल्यापैकी निम्मा संपायला जवळपास सात दिवस लागतात. डोस २५ मायक्रोग्रॅमवरून ५० केला की रक्तातली पातळी एका आठवड्यात नव्या जागेच्या अर्ध्या वाटेवर पोचते, दुसऱ्यात पाऊण, तिसऱ्यात सात अष्टमांश. पाचव्या आठवड्याच्या अखेरीला ९७ टक्के वाट संपते. त्यानंतर पीयूषिकेला नव्या पातळीशी जुळवून घ्यायचं असतं. म्हणून डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करायला सांगतात. पंधरा दिवसांत हौसेने केलेला रिपोर्ट पाऊण वाटेवरचा असतो, आणि त्यावरून डोस बदलला की पुढचे दोन-तीन महिने आकडे वर-खाली होत राहतात.

याच संथपणाचा एक फायदा आहे. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर आभाळ कोसळत नाही. आठवण झाली की घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का, हे विशेषतः हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. तोटाही इथेच आहे. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणारी माणसं आपल्याकडे घरोघरी सापडतात. बंद केल्यावर दोन-तीन आठवडे काहीच होत नाही, तेव्हा त्यांना आपला निर्णय बरोबर वाटू लागतो. प्रत्यक्षात रिपोर्ट नॉर्मल आलेला असतो तो गोळीमुळेच.

गोळी आतड्यातून नीट शोषली जावी म्हणून उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-कॉफी किमान अर्ध्या तासाने, जमल्यास तासाने. सकाळी तेवढं थांबणं ज्यांना जमतच नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. वेळ कुठलीही असो, ती रोज तीच हवी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांपासून चार तासांचं अंतर ठेवावं, कारण त्या थायरॉक्सिनला आतड्यातच अडकवतात. आपल्याकडची नेहमीची गफलत म्हणजे ॲसिडिटीची गोळीही उपाशीपोटीची म्हणून दोन्ही एकाच घोटात घेतल्या जातात. ॲसिडिटीची गोळी रोज घेतली की पोटातलं आम्लच कमी होतं आणि थायरॉक्सिन कमी शोषला जातो, मग मध्ये कितीही अंतर ठेवा. ती चालू असल्याचं डॉक्टरांना सांगावं, म्हणजे डोस त्या मानाने ठरेल. बाटली गॅसच्या शेगडीजवळ किंवा न्हाणीघरात ठेवू नये. उष्णता आणि दमट हवा दोन्ही या औषधाला सोसत नाहीत, पावसाळ्यात तर मुळीच नाहीत.

केसगळतीचं आणखी वेगळं. थायरॉईडमुळे केस गळतात, म्हणून बायोटिनच्या गोळ्या सुरू होतात, आणि लॅबच्या अनेक चाचण्यांच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटाच कमी आणि टी-फोर खोटाच जास्त दिसतो. कागद पाहून वाटावं की गोळी जास्त होतेय. रक्त द्यायच्या आधी किमान दोन दिवस बायोटिन थांबवावं, आणि त्या सकाळची थायरॉईडची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्यावी.

खाण्याची पथ्यं ऐकीवच जास्त. शिजवलेला कोबी-फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात खुशाल खावा. आयोडीनचा घोळ मात्र समजून घ्यायला हवा. गलगंड म्हणजे आयोडीनची उणीव हे समीकरण आपल्याकडे रुजलं त्याला कारण आहे. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाने गलगंड घटतो हे दाखवून दिलं, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हाशिमोटोत उणीव नसते, उलट समुद्री शेवाळाच्या गोळ्यांमधून मिळणारं जादा आयोडीन दुखणं वाढवू शकतं. उपवासाला सैंधव ठीक, रोजच्या आमटीत साधं आयोडीनचं मीठच असू द्यावं.

गरोदरपणात सहा आठवड्यांचा नियम बाजूला पडतो. सुरुवातीचे महिने बाळाची थायरॉईड काम करत नसते, ते आईच्याच थायरॉक्सिनवर वाढतं. आईची गरज पाव ते निम्म्याने वाढते, आणि तीही पहिल्या काही आठवड्यांतच. चाचणी पॉझिटिव्ह आली की पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. मग अर्धे दिवस भरेपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच होतो. याच काळात लोह आणि कॅल्शियमही सुरू होतात, तेव्हा ते चार तासांचं अंतर घरात कुणीतरी लक्षात ठेवायला हवं.

टीएसएच महिनोन्‌महिने दोन-अडीचवर स्थिर आहे आणि तरी अंगात त्राण नाही, असंही पुष्कळांचं होतं. अशा वेळी डोस वाढवायची घाई करू नये. हाशिमोटो असलेल्यांना दुसरे स्वयंप्रतिकार आजार इतरांपेक्षा जास्त आढळतात, म्हणून हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह आणि साखर पाहून घ्यावी. घोरणं असेल तर झोपेची चौकशी व्हावी. आणि गोळी नियमाने घेऊनही डोस वाढतच चालला असेल, तर सीलिॲक आजाराची, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसणाऱ्या आतड्याची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि तीही गहू बंद करण्याच्या आधी, कारण नंतर ती निगेटिव्ह येऊ शकते.