स्थलांतरित कामगारांचे विधिसंरक्षण

उपजीविकेसाठी मूळ वास्तव्याचे ठिकाण सोडून दुसऱ्या प्रदेशात काम करणाऱ्या, परंतु तेथे कायम वास्तव्याचा दर्जा न मिळालेल्या श्रमिकांना स्थलांतरित कामगार म्हणतात. विधिदृष्ट्या त्यांचे दोन वर्ग पडतात : एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेले भारतीय नागरिक आणि परदेशातून आलेले परकीय. पहिल्या वर्गाला नागरिकत्व जन्मतःच लाभलेले असते. दुसऱ्याला ते अर्जाने मिळवावे लागते. प्रत्यक्षात मात्र दोघांपुढील अडचण बरीचशी सारखी असते. शिधा, मतदान, अपघाताची भरपाई, शासकीय सवलत यांपैकी जवळजवळ प्रत्येक हक्क वास्तव्याच्या वा नोकरीच्या लेखी पुराव्याशी जोडलेला असून, तो पुरावा निर्माण करण्याचे साधन बहुधा कामगाराच्या हाती नसते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात जागा बदललेल्यांची संख्या सु. ४५ कोटी ५० लाख होती. तीत विवाहानंतर सासरी गेलेल्या स्त्रियांचा भरणा मोठा असून बहुतेक स्थलांतर राज्यांतर्गत होते. आंतरराज्य कामगारांचा गट त्या मानाने लहान असला, तरी कायद्याचे प्रश्न मुख्यत्वे त्याच्याच वाट्याला आले.

महाड–पोलादपूर परिसर : रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या दक्षिण भागातील हा सावित्री खोऱ्याचा प्रदेश स्थलांतराच्या दोन्ही बाजू दाखवितो. पाऊस मुबलक, पण जमीन डोंगरउताराची व भात हेच मुख्य पीक, यांमुळे येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत व घरकामात जात राहिले. गावकीच्या खोलीत राहावे, खाणावळीत जेवावे, गौरी-गणपतीला व शिमग्याला गावी यावे, ही चाकरमान्यांची रीत. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर त्यांचा हा आधार खचला. कातकरी कुटुंबे आजही उचल घेऊन वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांवर जिल्ह्याबाहेर जातात. उलट, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बिरवाडीलगत वसविलेल्या महाड औद्योगिक वसाहतीत मुख्यत्वे रसायने व औषधी द्रव्यांचे कारखाने आले आणि उत्तर व पूर्व भारतातील कामगार येथे येऊ लागले. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यावर येथील प्रवास सुलभ झाला.

मुंबईला गेलेला पोलादपूरचा गिरणीकामगार आणि महाडला आलेला बिहारचा कंत्राटी कामगार यांच्यात एक महत्त्वाचा भेद आहे. पहिल्याचे गाव व कामाचे ठिकाण एकाच प्रांतात, पुढे एकाच राज्यात होते. भाषा, कचेरी व कागदपत्रांची पद्धत त्याच्या परिचयाची होती आणि गिरणीच्या हजेरीपटावर त्याचे नाव असे. दुसऱ्याचे नाव पुष्कळदा केवळ ठेकेदाराच्या वहीत असते.

संविधानातील स्थान : भारतीय संविधानाने एकच नागरिकत्व मान्य केले असून राज्याचे वेगळे नागरिकत्व नाही. १९ व्या अनुच्छेदाने नागरिकांना देशात कोठेही संचार करण्याचा, राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. १६ व्या अनुच्छेदाने शासकीय नोकरीत केवळ निवासाच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई केली असून त्यास अपवाद करण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. प्रदीप जैन प्रकरणात (१९८४) सर्वोच्च न्यायालयाने भारतात अधिवास एकच आहे व तो भारताचा आहे, असे स्पष्ट केले. कायद्यापुढील समानता (अनुच्छेद १४), जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य (अनुच्छेद २१) आणि वेठबिगारीला मनाई (अनुच्छेद २३) ही संरक्षणे मात्र नागरिकापुरती मर्यादित नसून प्रत्येक व्यक्तीला, म्हणजेच परकीयालाही, मिळतात.

१९७९ चा अधिनियम : ओडिशातून मुकादमांमार्फत उचल देऊन परराज्यात नेल्या जाणाऱ्या मजुरांना ‘दादन’ मजूर म्हणत. ठरलेली मजुरी न देणे, कामाचे तास वाढविणे व परतीची वाट बंद करणे हे या पद्धतीचे दोष होते. ओडिशाने १९७५ साली तिच्या नियंत्रणासाठी कायदा केला; परंतु मजूर राज्याबाहेर गेला, की तो कायदा निष्प्रभ ठरे. म्हणून फेब्रुवारी १९७७ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, १९७९ संमत केला. तो २ ऑक्टोबर १९८० पासून अंमलात आला.

या अधिनियमानुसार पाच किंवा अधिक आंतरराज्य कामगार असलेल्या आस्थापनेची नोंदणी व ठेकेदाराचा परवाना आवश्यक होता. कामगाराला छायाचित्रासह पासबुक, स्थानिक कामगाराइतकेच वेतन, मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम किंवा ७५ रुपये यांपैकी अधिक असेल तेवढा विस्थापन भत्ता, जाण्यायेण्याचे भाडे व प्रवासकाळातील वेतन, तसेच निवास, वैद्यकीय मदत व संरक्षक कपडे देणे ठेकेदारावर बंधनकारक होते. त्याने हे न केल्यास जबाबदारी मूळ मालकावर येई. प्राणघातक अपघाताची वर्दी दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना व नातेवाइकांना द्यावी लागे. कायदा तपशीलवार असला, तरी त्याची पकड सैल राहिली. कारण ठेकेदाराने मूळ राज्यात भरती केलेलाच कामगार त्याच्या व्याख्येत बसत असे. गाववाल्याच्या ओळखीने स्वतः येऊन वसाहतीच्या फाटकाशी काम मिळविणारा कामगार तीबाहेर राहिला.

या उणिवेचे परिणाम २०२० मध्ये उघड झाले. मार्चअखेरच्या टाळेबंदीने कारखाने थांबले व हजारो कामगार पायी गावाकडे निघाले. ८ मे २०२० रोजी जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशातील १६ कामगार करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली सापडून मृत्यू पावले. त्या काळात किती स्थलांतरित कामगार दगावले याची आकडेवारी उपलब्ध नसल्याचे केंद्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगितले. ज्यांची नोंद ४० वर्षे कायद्याने अनिवार्य होती, त्यांची गणतीच झालेली नव्हती.

२०२० ची संहिता : व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९७९ चा अधिनियम तीत विलीन झाला. स्वतःहून परराज्यात येऊन काम मिळविणारा, तसेच त्या राज्यात आस्थापना बदलणारा कामगारही आता व्याख्येत येतो. मात्र त्याचे मासिक वेतन १८,००० रुपयांच्या आत असावे लागते. गावी जाण्यायेण्यासाठी एकरकमी प्रवास भत्ता, मदतीसाठी निःशुल्क दूरध्वनी आणि शिधा मूळ राज्यात किंवा कामाच्या राज्यात घेण्याची मुभा यांची तरतूद तीत आहे. दुसऱ्या बाजूने विस्थापन भत्ता वगळण्यात आला व किमान कामगारसंख्या ५ वरून १० झाली. त्यामुळे व्याख्या विस्तारली असली, तरी लहान ठेकेदाराकडील कामगारांचे संरक्षण कमी झाले.

न्यायालयीन निर्णय : दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामासंबंधीच्या खटल्यात (१९८२) सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे ही २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरी होय, असा निर्णय दिला. स्थलांतरित कामगारांच्या हालअपेष्टांची स्वतःहून दखल घेऊन त्याच न्यायालयाने २९ जून २०२१ रोजी ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना सर्व राज्यांत लागू करण्याचा व असंघटित कामगारांच्या नोंदणीचे संकेतस्थळ सुरू करण्याचा आदेश दिला. त्यानुसार ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली. शिधापत्रिकेच्या योजनेत महाराष्ट्र व गुजरात यांची जोडणी ऑगस्ट २०१९ मध्येच झाली होती. या योजनेमुळे कामगार आपल्या वाट्याचे धान्य महाडच्या दुकानात अंगठ्याचा ठसा देऊन घेऊ शकतो आणि उरलेले धान्य त्याचे कुटुंब गावी उचलू शकते.

अपघात व भरपाई : रसायनी वसाहतीत या संरक्षणाला विशेष महत्त्व आहे. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाड औद्योगिक वसाहतीतील एका औषधी कारखान्याला लागलेल्या आगीत ११ जणांचा मृत्यू झाला. कामावर मृत्यू आल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला मृताच्या वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून भरपाई काढतात; वेतन विचारात घेण्यास कमाल मर्यादा असते. राज्य विमा योजनेखालील कामगाराच्या आश्रितांना त्याऐवजी निवृत्तिवेतन मिळते. १९९५ च्या दुरुस्तीने आश्रितांना आपण राहतो तेथील आयुक्तापुढे दावा दाखल करण्याची सोय झाली व ती पुढेही चालू राहिली. त्यामुळे बिहारमधील विधवेला दाव्यासाठी रायगड जिल्ह्यात येऊन राहावे लागत नाही. परंतु दावा कोठेही दाखल झाला, तरी मृत इसम त्याच कारखान्यात कामावर होता व त्याचे वेतन किती होते, हे सिद्ध करावे लागते. हजेरीपट, वेतनचिठ्ठी, विमा क्रमांक व बँकेत जमा झालेले वेतन हे येथे निर्णायक पुरावे ठरतात.

नोकरीतील कायमपणा व अधिवास : महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांनुसार बारा महिन्यांत २४० दिवस अखंड सेवा करणारा हंगामी कामगार कायम होण्यास पात्र ठरे. कायमपणा टाळण्यासाठी कामगारांना वर्षानुवर्षे बदली वा हंगामी ठेवणे ही १९७१ च्या राज्य अधिनियमाने अनुचित कामगार प्रथा ठरविली. मात्र ठेकेदाराचा कामगार मूळ मालकाचा कामगार मानला जात नसल्याने या मार्गात अडथळा येतो. कंत्राटी पद्धत रद्द झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाच्या सेवेत जात नाहीत. कंत्राट केवळ दिखाऊ असल्याचे सिद्ध झाले तरच तो हक्क मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ठरविले.

मतदारयादीसाठी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमानुसार ‘सर्वसाधारण निवास’ पुरेसा असतो. घर मालकीचे असण्याची अट नाही. मात्र एकाच मतदारसंघात नाव ठेवता येत असल्याने महाडला नोंद केली, की गावचे मत जाते. महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र सामान्यतः १५ वर्षांच्या वास्तव्यानंतर मिळते. उद्योगांतील ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना देण्याचे राज्याचे धोरण याच अधिवासाशी निगडित आहे. हरियाणाने खासगी नोकऱ्यांतील ७५ टक्के जागा स्थानिकांसाठी कायद्याने राखून ठेवल्या होत्या. तो कायदा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरविला.

अनुसूचित जातीच्या कामगाराला परराज्यात आरक्षणाचा लाभ मिळत नाही, हे १९९० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने निश्चित झाले. अत्याचारप्रतिबंधक कायद्याचे संरक्षण मात्र त्याला देशात सर्वत्र मिळते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. ज्या महाडात १९२७ साली चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने सार्वजनिक पाण्यावरील हक्क प्रस्थापित केला, तेथे आलेल्या परप्रांतीय दलित कामगारासोबत सन्मानाचा हक्क येतो. सवलतीचा हक्क गावीच राहतो.

परकीय कामगार : कोकणातील आंबाबागांत व पहाऱ्याच्या कामावर नेपाळी कामगार आढळतात. ३१ जुलै १९५० च्या भारत–नेपाळ तहाच्या सातव्या अनुच्छेदाने त्यांना वास्तव्य, मालमत्ता, व्यापार व संचार यांबाबत भारतीयांसारखीच वागणूक मिळते. त्यांना प्रवेशपत्र लागत नाही. मतदानाचा हक्क मात्र त्यांना नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ नुसार देशीयकरणाने नागरिकत्व मिळविण्यासाठी अर्जापूर्वी सलग १२ महिने व त्याआधीच्या १४ वर्षांत एकूण ११ वर्षे भारतात वास्तव्य असावे लागते. आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे ज्ञान आवश्यक असून १९९२ पासून नेपाळीचाही तीत समावेश आहे. भारतीय वंशाच्या व्यक्तीस किंवा भारतीय नागरिकाच्या पतीस वा पत्नीस ७ वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने नागरिकत्व मिळू शकते.

वैध कागदपत्रांविना प्रवेश केलेल्या परकीयास ‘अवैध स्थलांतरित’ म्हणतात. २००३ च्या दुरुस्तीने त्याला हे दोन्ही मार्ग बंद झाले. २०१९ च्या दुरुस्तीने अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींना यातून वगळले व वास्तव्याची ११ वर्षांची अट ५ वर्षांवर आणली. तिचे नियम मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परकीय नागरिक अधिनियमाची जागा नव्या अधिनियमाने घेतली. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार संबंधित व्यक्तीवर टाकण्याचे जुने तत्त्व त्यातही कायम आहे.

या तत्त्वाची झळ नागरिकालाही लागते. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात ताब्यात घेतलेल्या पश्चिम बंगालमधील काही मजुरांना बांगलादेशाच्या हद्दीत पाठविण्यात आले व ते भारतीय असल्याचे आढळल्यावर परत आणावे लागले. बंगाली बोलणाऱ्या मजुराची भाषा सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच असते. मूळ कागद बहुधा गावी असतात आणि कामाच्या ठिकाणी त्याला ओळखणारा एकटा ठेकेदारच असतो.

मूल्यमापन : भारतीय विधिव्यवस्थेत स्थलांतरित कामगाराच्या हक्कांची उणीव फारशी नाही, उणीव आहे ती हक्क सिद्ध करणाऱ्या नोंदींची. ठेकेदाराचे पासबुक १९८० पासून बंधनकारक असूनही ते सार्वत्रिक झाले नाही. शिधापत्रिकेची नोंद मात्र कामगाराच्या अंगठ्याशी जोडली गेल्याने ती त्याच्याबरोबर राज्यांच्या सीमा ओलांडू शकली. या दोन अनुभवांवरून नोंद ठेकेदाराच्या ताब्यात न राहता कामगाराच्या स्वतःच्या हाती असली, तरच संरक्षण प्रत्यक्षात येते, असे दिसते. नियुक्तिपत्र, बँकेतून वेतन, भाडेकराराची नोंद व मुलांचा शाळाप्रवेश ही त्याची साधी साधने होत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाच्या दाखल्याअभावी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. त्यामुळे मुलाचे शाळेतील नाव हा पुष्कळ कुटुंबांच्या वास्तव्याचा पहिला सरकारमान्य पुरावा ठरतो. परप्रांतीय कामगाराची अशी पूर्ण नोंद होणे स्थानिकांच्याही हिताचे आहे. कारण वसाहतीतील वेतनाचा दर ज्याच्या नावाची नोंदच नाही, अशा कामगारामुळे खाली येतो.