तुलना कुणाशी केली, हे लिहून ठेवा

मार्च २०२३मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्या माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातून वित्त क्षेत्रात गेल्या. त्यांचा धंदा तोच राहिला. बदलले ते ‘जीआयसीएस’ हे उद्योगांचे वर्गीकरण. एमएससीआय आणि एस अँड पी यांनी १९९९मध्ये ते तयार केले आणि जगभरातले गुंतवणूकदार ते वापरतात. कालपर्यंत सॉफ्टवेअर कंपन्यांच्या रांगेत मोजली जाणारी कंपनी त्या दिवसापासून बँकांच्या रांगेत मोजली जाऊ लागली.

एखाद्या कंपनीला तिच्याच धंद्यातल्या इतरांशी ताडून दाखवणारी सॉफ्टवेअर आज शेअर बाजारापासून कर सल्लागारांपर्यंत सगळीकडे वापरात आहेत. पडद्यावर नीटनेटका तक्ता येतो. पण त्यातला प्रत्येक आकडा आधी घेतलेल्या निर्णयांवर उभा असतो. म्हणूनच अशा सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका हा त्याच्या विज्ञानाचाच भाग आहे.

पहिला निर्णय असतो, रांगेत कुणाला उभे करायचे हा. ठरीव वर्गीकरणात कंपनी एकाच खणात बसते. जेरार्ड होबर्ग आणि गॉर्डन फिलिप्स या अर्थशास्त्रज्ञांनी वेगळा रस्ता काढला. अमेरिकेतल्या सूचिबद्ध कंपन्यांना दरवर्षी नियामकाकडे अहवाल द्यावा लागतो आणि आपण काय बनवतो, काय विकतो हे त्यात लिहावे लागते. दोघांनी या वर्णनांतले शब्द संगणकाला मोजायला लावले आणि ज्यांचे शब्द जास्त जुळतात त्या कंपन्या एकमेकींच्या जवळच्या मानल्या. यात प्रत्येक कंपनीचे वर्तुळ स्वतंत्र असते आणि दरवर्षी नव्याने आखले जाते. शेजाऱ्यांसारखेच हे आहे: तुमच्या शेजाऱ्याचा शेजारी तुमचा शेजारी असेलच असे नाही. खणांच्या पद्धतीत ही गोष्ट दिसतच नाही.

दुसरा निर्णय असतो, रांगेचा मध्य कसा काढायचा हा. समजा, सात कंपन्यांचा नफा विक्रीच्या ८, १०, ११, १२, १३, १५ आणि ६४ टक्के आहे. सरासरी येते १९. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, येतो १२. आता १४ टक्के नफ्याची कंपनी सरासरीपुढे मागे पडलेली दिसते आणि मध्यकापुढे सरस ठरते. एकट्या ६४ने हा फरक पडला.

भारतात यावर प्रत्यक्ष कर ठरतो. परदेशी कंपनीची इथली उपकंपनी मूळ कंपनीला सेवा विकते, तेव्हा तिने वाजवी नफा दाखवला का, हे इथल्या तशाच कंपन्यांशी ताडून पाहिले जाते. पूर्वी त्यासाठी सरासरी वापरत. २०१५मध्ये नियम बदलला. तुलनेला किमान सहा कंपन्या असतील, तर काही पद्धतींत ३५व्या ते ६५व्या शतमकाचा (पर्सेंटाइलचा) पट्टा चालतो; आकडा पट्ट्याबाहेर असेल तर मध्यक धरला जातो. वरच्या उदाहरणात हा पट्टा ११ ते १३ येतो. ९ टक्के नफा दाखवणाऱ्या कंपनीला १२ टक्के धरून कर भरावा लागेल.

साहजिकच वाद पेटतो तो यादीवरून. २०१५मध्येच दिल्ली उच्च न्यायालयाने क्रिसकॅपिटल प्रकरणात सांगितले, की केवळ नफा अफाट आहे म्हणून एखादी कंपनी यादीतून काढता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यात पेंटेअर वॉटर प्रकरणात छोट्या उलाढालीच्या कंपनीशी इन्फोसिस बीपीओ, विप्रो यांसारख्या बड्यांची तुलना नाकारली. म्हणजे ६४ टक्केवाल्या कंपनीला वगळायचे, तर कारण लागते आणि ते कागदावर असावे लागते. सल्लागार मंडळी म्हणूनच घेतलेल्या आणि नाकारलेल्या प्रत्येक कंपनीपुढे कारण लिहिलेला तक्ता जपून ठेवतात.

हीच शिस्त प्रत्येक तुलनायंत्राच्या पुस्तिकेत हवी. वर्गीकरण कोणते आणि कोणत्या तारखेचे? आकडे एकट्या कंपनीचे की उपकंपन्यांसह एकत्रित? इथले वर्ष मार्चला संपते आणि अनेक अमेरिकी कंपन्यांचे डिसेंबरला, त्याचा मेळ कसा घातला? तोट्यातल्या कंपनीचे किंमत-उत्पन्न गुणोत्तर निरर्थक ठरते. ती जागा कोरी ठेवली की कंपनीच गाळली? बुडालेल्या कंपन्या जुन्या वर्षांच्या यादीत आहेत का? त्या गाळल्या तर उरलेला उद्योग आहे त्यापेक्षा धडधाकट दिसतो.

ही उत्तरे लिहायला वेळ लागतो आणि सॉफ्टवेअरच्या घाईत ते काम शेवटी ढकलले जाते. ते आधी व्हायला हवे, कारण उत्तरे माहीत नसतील तर दुसऱ्या कुणाला तोच आकडा पुन्हा काढता येत नाही, आणि जो पुन्हा काढता येत नाही त्याला विज्ञानात पुरावा म्हणत नाहीत. वाचकांनीही एवढे करावे: ‘उद्योगापेक्षा सरस’ असे वाक्य दिसले, की पैसे गुंतवण्याआधी त्या उद्योगात कोणकोणत्या कंपन्या धरल्या आहेत, ती यादी मागावी. यादी मिळाली नाही, तर त्या वाक्यावर विसंबू नये.