रिमोट कन्सोल उघडण्याआधी: पोर्ट ८१०१ आणि मी मोडलेला शब्द

लोकांच्या घरात सेन्सर लावून डेटा गोळा करायचा विचार असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे. विषय दिसायला अगदी किरकोळ आहे, सेटिंग फाइलमधली एक ओळ. पण त्या ओळीने माझे एकोणीस दिवस खाल्ले आणि एक घर अभ्यासातून गेलं.

गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी फोन आला. माझ्या अभ्यासात सहभागी असलेल्या घरातला मुलगा होता, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणाला, "ताई, रागावू नका, पण तुमच्या त्या डबीत मी शिरलो. आमच्या बाथरूमचं दार कधी उघडलं ते सेकंदासकट दिसतंय मला."

डबी म्हणजे रास्पबेरी पाय. सहा घरांमध्ये अशी एकेक डबी होती. उन्हाळ्यात घर आतून किती तापतं आणि दारं-खिडक्या उघडल्याने किती फरक पडतो, हे मी मोजत होते. तापमानाचे आणि दारांचे सेन्सर ओपनहॅबला जोडलेले होते. आणि संमतीपत्रावर मी स्वतःच्या सहीने लिहून दिलं होतं: ही माहिती फक्त संशोधकांना दिसेल.

आधी कन्सोल म्हणजे काय ते बघू

ओपनहॅब हे होम ऑटोमेशनचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, जावामध्ये लिहिलेलं. २०१७ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून ते अपाची कराफ या पायावर चालतं. ब्राउझरमध्ये दिसणारी पानं पोर्ट ८०८० किंवा ८४४३ वर असतात, ती सगळ्यांना माहीत असतात. कराफचा कन्सोल वेगळा. तो एसएसएचने पोर्ट ८१०१ वर उघडतो आणि तिथे तुम्ही थेट यंत्राच्या पोटात असता.

'लॉग:टेल' टाकलं की प्रत्येक सेन्सरचा बदल डोळ्यासमोर सरकत जातो. 'लॉग:सेट डीबग' करून एखादं बाइंडिंग का अडलंय ते शोधता येतं. सेन्सर मध्येच गप्प झाला की ब्राउझरपेक्षा इथे उत्तर लवकर सापडतं, म्हणून संशोधनात कन्सोल लागतोच.

पण याच जागेवरून 'ओपनहॅब:सेंड' लिहून कोणीही दिवा लावू शकतो. 'ओपनहॅब:अपडेट' लिहून तापमानाचा आकडा बदलू शकतो. 'ओपनहॅब:यूजर्स' वापरून नवा ॲडमिन तयार करू शकतो, किंवा जुन्या ॲडमिनच्या नावाने एपीआय टोकन काढू शकतो. हे टोकन फार वाईट. तुम्ही नंतर कन्सोलचा पासवर्ड बदललात तरी ते चालूच राहतं.

(कमांड मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन.)

मी काय केलं होतं

ओपनहॅब बसवल्यावर कन्सोल फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकतो. हा यंत्राचा स्वतःशी बोलायचा पत्ता. म्हणजे त्याच पायवर बसून कन्सोल उघडता येतो, बाहेरून नाही. यूजरनेम 'ओपनहॅब' आणि पासवर्ड 'हॅबओपन'. हा पासवर्ड गुपित नाही, अधिकृत माहितीपत्रकातच छापलेला आहे. कन्सोल आतल्या आत बंद असतो म्हणून ते चालून जातं. बंद दार आणि ठाऊक असलेला पासवर्ड अशी ही जोडी आहे. यातलं पहिलं काढलं की दुसरं बदलायलाच हवं.

मी पहिलं काढलं. 'रनटाइम डॉट सीएफजी' या फाइलमध्ये कराफ शेलच्या 'एसएसएचहोस्ट' या सेटिंगपुढे ०.०.०.० लिहिलं आणि ओपनहॅब रीस्टार्ट केलं. लॅबमधून कन्सोल लगेच उघडला. काम झालं, मी खूश.

०.०.०.० चा अर्थ मी मनात "लॅबमधून येऊ दे" असा घेतला होता. खरा अर्थ आहे "या यंत्राच्या प्रत्येक पत्त्यावर ऐक". माझ्या प्रत्येक पायला दोन बाहेरचे पत्ते होते: एक लॅबपर्यंत येणाऱ्या व्हीपीएनचा आणि दुसरा त्या घरच्या वायफायचा. मला पहिला हवा होता, उघडले दोन्ही. इंटरनेटवरून कोणी आत येणार नव्हतं, कारण राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग नव्हतं. पण घरच्या वायफायवर कोण कोण असतं? त्या घरात वरच्या मजल्यावरचे भाडेकरूही तेच वायफाय वापरत होते. हे मला त्या मुलाने सांगितल्यावर कळलं.

पासवर्डही मी बदललाच नव्हता. खरं तर मेन यूआयमधला ॲडमिन पासवर्ड मी बदलला होता आणि झालं असं समजले होते. हे दोन पासवर्ड वेगळे असतात, एक बदलला म्हणून दुसरा बदलत नाही. शिवाय सहाही एसडी कार्डं एकाच कार्डाची कॉपी, त्यामुळे एक चूक सहा घरांत पोचली.

त्या मुलाने फोनवरच्या एका ॲपने वायफाय स्कॅन केलं, ८१०१ उघडा दिसला, माहितीपत्रक वाचलं आणि छापलेला पासवर्ड टाकला. दहा मिनिटांचं काम.

असा पासवर्ड कोण शोधत बसणार, असं वाटत असेल तर मिराई बॉटनेट आठवा. २०१६ मध्ये त्याने कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कंपनीने दिलेल्या साठेक यूजरनेम-पासवर्डच्या यादीच्या जोरावर. रास्पबेरी पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमनेही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एसएसएच मुळात बंद ठेवायला सुरुवात केली आणि एप्रिल २०२२ मध्ये 'पाय' हा ठरलेला यूजरच काढून टाकला. ही बंद ठेवलेली दारं आपल्याला छळायला ठेवलेली नसतात. ती उघडण्याआधी कोणीतरी का बंद केली असतील, एवढा विचार करा.

मग लांबून कन्सोल वापरायचा कसा?

सोपं उत्तर: कन्सोल उघडा करूच नका, तुम्हीच आत जा.

१. 'रनटाइम डॉट सीएफजी'मधल्या त्या ओळीत ०.०.०.० ऐवजी १२७.०.०.१ लिहा आणि रीस्टार्ट करा. कन्सोल परत १२७.०.०.१ वर जातो.

२. पायवर साध्या एसएसएचने लॉगिन करा, पासवर्डऐवजी की वापरून. आत गेल्यावर 'ओपनहॅब-सीएलआय कन्सोल' लिहा. बहुतेकांचं काम इथेच संपतं. प्रत्येक संशोधकाला पायवर वेगळं अकाउंट द्या, म्हणजे कोण कधी आलं ते सिस्टिमच्या लॉगमध्ये राहतं. कन्सोलचं अकाउंट मात्र सगळ्यांचं एकच असतं, त्यावरून माणूस कळत नाही.

३. कन्सोल स्वतःच्या लॅपटॉपवरच हवा असेल तर एसएसएच टनेल करा. '-एल' पर्याय देऊन लॅपटॉपवरचा एक पोर्ट पायच्या लोकलहोस्ट:८१०१ ला जोडायचा. घरं अनेक असतील तर प्रत्येकाला वेगळा पोर्ट द्या: ८१११, ८११२, ८११३ असा. सगळी घरं लॅपटॉपवरच्या एकाच ८१०१ वर आणलीत तर एसएसएच "होस्टची ओळख बदलली आहे" अशी सूचना देत राहील. मग ती सूचना न वाचता पुसायची सवय लागते, आणि खरा धोका येईल त्या दिवशीही तुम्ही ती पुसाल.

४. कन्सोलचा पासवर्ड तरीही बदला. तो यूजरडेटा फोल्डरमधल्या 'ईटीसी'मध्ये 'यूजर्स डॉट प्रॉपर्टीज' या फाइलमध्ये असतो. बरोबरच्या चिन्हानंतर स्वल्पविरामापर्यंतचाच भाग बदला, पुढचा ग्रुपचा भाग तसाच राहू द्या. एकदा लॉगिन करून फाइल पुन्हा उघडा आणि पासवर्ड एन्क्रिप्ट झालाय ना ते बघा.

५. बाहेरचा पत्ता द्यावाच लागला तर ०.०.०.० ऐवजी फक्त व्हीपीएनचा पत्ता लिहा. एक अडचण येते: पाय चालू होताना व्हीपीएन अजून जोडलं गेलं नसेल तर तो पत्ताच अस्तित्वात नसतो आणि कन्सोल उघडत नाही. म्हणून मी दुसऱ्या मार्गावरच थांबले.

६. तपासा. पायवर 'एसएस -टीएलएन' लिहा आणि ८१०१ ची ओळ शोधा. १२७.०.०.१ दिसलं तर ठीक. ०.०.०.० किंवा नुसता तारा दिसला तर सगळीकडे उघडं आहे. मग त्याच वायफायवरच्या दुसऱ्या लॅपटॉपवरून आत जायचा प्रयत्न करा. नकार मिळायला हवा. मी ही तपासणी कधीच केली नव्हती. आपल्याला आत जाता येतं एवढंच बघितलं होतं, इतरांना जाता येत नाही हे नाही.

आणि डेटाचं काय झालं?

गाईडला सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: "या एकोणीस दिवसांत कोणी एकही आकडा बदलला नाही, हे तू सिद्ध करू शकतेस का?" नव्हते करू शकत. कोण आत आलं याची नोंदच माझ्याकडे नव्हती. कोणी बदलला असेल असं आम्हा दोघांनाही वाटत नव्हतं, पण वाटणं प्रबंधात लिहिता येत नाही. ते दिवस विश्लेषणातून काढले. मेमधले सगळ्यात तापलेले दिवस त्यातच होते.

एथिक्स कमिटीला कळवलं आणि सहाही घरी जाऊन काय झालं ते सांगितलं. पाच घरांनी चहा दिला आणि चालू ठेवा म्हणाले. त्या मुलाच्या घरी त्याची आई म्हणाली, "तुम्ही मुद्दाम नाही केलंत ते कळतंय. पण आता दार उघडताना दरवेळी मला ती डबी आठवते." मी सेन्सर काढून घेतले. त्यांचा सगळा डेटा त्यांच्यासमोर पुसला.

तेव्हापासून माझ्या फील्ड डायरीत प्रत्येक घराचं एक पान सेटिंगचं असतं: कोणता पोर्ट कोणत्या पत्त्यावर ऐकतोय, पासवर्ड कधी बदलला, बाहेरून तपासणी कोणत्या तारखेला केली. प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात सेन्सरच्या अचूकतेखाली हाही परिच्छेद आहे. तुम्ही संमतीपत्रात "फक्त संशोधकांना दिसेल" असं लिहिणार असाल, तर सही घेण्याआधी ते वाक्य तुमच्या कोणत्या फाइलमधल्या कोणत्या ओळीवर उभं आहे ते शोधून ठेवा.

तो मुलगा आता माझ्या लॅबमध्ये अधूनमधून येतो. नवीन डबी घरी बसवायच्या आधी मी ती त्याच्यासमोर ठेवते आणि म्हणते, शिरून दाखव.