परक्या माणसाचा आधार

फ्रेडरिक बॅकमन या स्वीडिश लेखकाची ‘अ मॅन कॉल्ड ओव्ह’ ही कादंबरी २०१२ मध्ये आली आणि जगभर वाचली गेली. पत्नीच्या निधनानंतर जगण्याची इच्छाच उरली नाही असा ५९ वर्षांचा तिरसट ओव्ह आणि शेजारी राहायला आलेली, मूळची इराणची गरोदर परवाने. ती त्याला उपदेश करत नाही. रुग्णालयात सोडायला सांगते, गाडी शिकवा म्हणते. त्याची कुणाला तरी गरज आहे, हे त्याला कळत जाते. परकी माणसे एकमेकांना सावरतात, असे कथानक अलीकडच्या कादंबऱ्यांत वारंवार दिसते. पण खऱ्या आजारात असा आधार उपयोगी पडतो का?

झिम्बाब्वेत याचे उत्तर मिळाले. तिथे मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारे शहरातल्या एका गरीब वस्तीत काम सुरू केले. दवाखान्यात खोली मिळेना, म्हणून बाहेर लाकडी बाक टाकला आणि वस्तीतल्या १४ आज्यांना प्रशिक्षण दिले. तिथले लोक नैराश्याला ‘फार विचार करणे’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. आपल्या ओपीडीतही ‘डॉक्टर, विचार थांबत नाहीत, झोप लागत नाही’ हीच तक्रार असते. आजी अडचणींची यादी करायला लावते, त्यातली एक निवडायला सांगते आणि ती सोडवण्याची वाट रुग्णालाच शोधू देते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५७३ रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे ५० टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणे होती. बाकावर बसलेल्यांमध्ये ती सुमारे १४ टक्क्यांमध्येच उरली.

असाच प्रयोग गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाला. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिकांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांशी ते सहा ते आठ वेळा बोलले. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

इथे कादंबरी आणि दवाखाना यांत एक फरक आहे. आज्या नुसत्या मायाळू नव्हत्या. त्या प्रशिक्षित होत्या आणि गंभीर रुग्णाला पुढे पाठवण्याची सोय त्यांच्यामागे होती. भास होणे, वागण्यात टोकाचा बदल, आत्महत्येचे विचार यांवर केवळ गप्पा पुरत नाहीत, तज्ज्ञाकडे जावेच लागते. सुरू असलेल्या गोळ्याही स्वतःहून बंद करू नयेत.

पण सुरुवात कुणीही करू शकतो. शेजारचे काका हल्ली बाहेर दिसत नसतील, तर दार वाजवा. ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं’ हे वाक्य टाळा, आधी ऐका. जगणे नकोसे वाटते का, असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले, तर त्यांना एकटे सोडू नका. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत असून चोवीस तास चालू असतो. फोन तुम्ही लावून द्या आणि पहिल्या तपासणीला सोबत जा. आजारी माणसाला ही पहिली पायरीच सर्वांत अवघड वाटते.